पाच किलोमीटर नेमके किती असतात

छोटे विमान दृश्य नियमांनुसार उडवायचे, ज्याला आम्ही बोलताना नुसते व्हीएफआर म्हणतो, याचा अर्थ वैमानिकाने काचेबाहेर पाहून विमान उडवायचे. क्षितिज कुठे आहे, जमीन किती खाली आहे, ढग किती दूर आहे, आसपास दुसरे विमान आहे का, हे सगळे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचे असते. समोरची उपकरणे मदतीला असतात, परंतु विमान समतोल ठेवण्याची आणि कशावरही न आदळण्याची जबाबदारी डोळ्यांची असते, आणि म्हणूनच डोळ्यांना किमान किती दिसले पाहिजे हे नियमांनी आकड्यांत बांधून ठेवले आहे. नियंत्रित हवाई हद्दीत १०,००० फुटांच्या खाली उडताना ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, ढगापासून आडवे अंतर १५०० मीटर आणि उभे अंतर १००० फूट हवे. विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्रात ढगांचा तळ १५०० फुटांच्या खाली आला किंवा जमिनीवरची दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी झाली, तर टॉवरची विशेष परवानगी असल्याखेरीज उड्डाण करता येत नाही आणि उतरताही येत नाही. सूर्यास्ताला २० मिनिटे उलटून गेली की फ्लाइंग क्लबांच्या स्थानिक उड्डाणांसारखे काही अपवाद सोडता हा मार्गच बंद होतो.

हे आकडे परीक्षेपुरते प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मात्र ५ किलोमीटर आकाशातून प्रत्यक्षात कसे दिसतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ते शिकून घेतल्याशिवाय या नियमाचा काही उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे. साधी सेसना १०० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ५ किलोमीटर संपायला तिला ९७ सेकंद लागतात. समोरून तशाच वेगाचे दुसरे विमान येत असेल, तर दोघांना मिळून पन्नास सेकंदही मिळत नाहीत. मागे वळायचे म्हटले, तर सेकंदाला तीन अंशांच्या नेहमीच्या वळणाने अर्धा फेरा पूर्ण व्हायला एक मिनिट लागते आणि त्या मिनिटात विमान मूळ वाटेपासून जवळजवळ दोन किलोमीटर बाजूला गेलेले असते. तीस अंश कलून वळले तर तेच अंतर एक किलोमीटरच्या आत बसते. हा हिशेब जमिनीवर, हातात चहाचा कप असताना सोपा वाटतो. डोंगरांच्या दोन रांगांमध्ये, समोर पावसाचा पडदा उतरत असताना, वळायला किती जागा उरली आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक असते त्यालाच तो उपयोगी पडतो.

मी विलेपार्ल्यात, जुहूच्या धावपट्टीपासून जवळच राहते, आणि दृश्यमानता ओळखण्याचा सराव घराच्या गच्चीवरूनच करते. आजूबाजूला उंच इमारती वाढल्या असल्या तरी दक्षिणेकडच्या एका फटीतून सागरी सेतूचे मनोरे दिसतात आणि उत्तरेकडच्या दुसऱ्या फटीतून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, गोराईच्या विपश्यना पॅगोड्याचा कळस दिसतो. सेतूचे वांद्र्याकडचे टोक इथून साधारण सहा किलोमीटरवर आहे, वरळीकडचे नऊच्या आसपास, आणि पॅगोडा चौदा-पंधरा किलोमीटरवर. सकाळी या खुणा पाहून मी मनाशी एक आकडा धरते आणि मग सांताक्रूझ विमानतळाचा मेटार, म्हणजे दर अर्ध्या तासाने निघणारा हवामानाचा अहवाल, उघडून तो आकडा पडताळते. या सरावातून मिळालेला सर्वांत मोलाचा धडा असा की दृश्यमानता सगळ्या दिशांना सारखी नसते. सूर्य पाठीशी असताना जे धुरके जाणवतही नाही, तेच सूर्याकडे तोंड केले की दुधट भिंतीसारखे उभे राहते. मुंबईत संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला मेटारमधला आकडा काहीही असो, निम्मेच दिसणार, हे त्याने धरून चालावे.

हिवाळ्यात तर आपल्या शहरावर रात्रीतून थंड हवेचा थर बसतो, वर उबदार हवेचे झाकण पडते, आणि गाड्यांचा, बांधकामांचा, कारखान्यांचा सगळा धूर व धूळ त्याखाली कोंडून राहते. अशा सकाळी मेटारमध्ये आकाशात एकही ढग नसतो, वाराही नसतो, आणि दृश्यमानता मात्र तीन हजार मीटर लिहिलेली असते. बाहेरच्या माणसाला हे निरभ्र आकाश वाटते, परंतु व्हीएफआरसाठी ती बंद सकाळ असते. दिवस वर आला, जमीन तापली आणि मतलई वाऱ्याच्या जागी समुद्राकडून खारे वारे सुरू झाले की हा थर फुटू लागतो. कधी मात्र तोच वारा समुद्रावर गेलेले धुरके पुन्हा किनाऱ्यावर आणून सोडतो.

बिघडत जाणाऱ्या हवेचा खरा धोका असा, की ती फार हळू बिघडते. समोरचा डोंगर एकदम नाहीसा झाला असता, तर कुणीही ताबडतोब मागे वळले असते. प्रत्यक्षात आधी त्याच्या अंगावरच्या झाडीचा तपशील जातो, मग रंग जातो, मग फक्त आकार राहतो, आणि या प्रत्येक पायरीवर डोळा नव्या दृश्याशी जुळवून घेतो व मन सांगते की अजून दिसते आहे. ढगांचा तळही असाच उतरत जातो. वैमानिक दोनशे फूट खाली येतो, मग आणखी दोनशे, आणि जमीन आपल्याकडे चढत येते आहे हे त्याच्या लक्षात यायला उशीर होतो. म्हणून परत फिरण्याची जागा हवेत ठरवायची नसते; ती निघण्यापूर्वी नकाशावर पेन्सिलीने ठरवायची, तिथे पोहोचल्यावर काय दिसले पाहिजे हे लिहून ठेवायचे, आणि ते दिसले नाही तर चर्चा न करता वळायचे. माझे सारे सांगणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते, आणि पुढे जे लिहिते आहे ते ही गोष्ट मला इतकी महत्त्वाची का वाटते, हे समजावण्यासाठी आहे.

उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेला वैमानिक ढगात शिरला तर काय होते, याचा एक प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला होता आणि त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. असे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान उडवायला दिले. वीसही जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. सर्वांत लवकर ताबा गेला तो वीस सेकंदांत. वीसपैकी एकोणीस जण एकाच प्रकारे फसले: विमान नकळत एका बाजूला कलले, वळत वळत नाक खाली गेले, वेग वाढत गेला आणि घसरत जाणारे मळसूत्र तयार झाले.

यात त्या माणसांचा दुबळेपणा नव्हता. आपला तोल कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतील द्रवावर अवलंबून असतो, आणि तो द्रव वळण सुरू होताना व संपताना खबर देतो. वळण अगदी सावकाश सुरू झाले तर ती खबर मिळतच नाही, आणि एकाच गतीने वळत राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रव नळीबरोबर फिरू लागतो व शरीराला आपण सरळ जात आहोत असेच वाटते. अशा वेळी कुणी विमान खरोखर सरळ केले तर आपण उलट बाजूला कललो आहोत अशी पक्की जाणीव होते आणि हात आपोआप पुन्हा चुकीच्या बाजूला जातात. जमिनीवर ही फसगत डोळे क्षणात दुरुस्त करतात. ढगात ती दुरुस्त करायला कृत्रिम क्षितिजाचे उपकरण असते, पण शरीर ओरडून एक सांगत असताना त्या छोट्या तबकडीवर विश्वास ठेवणे ही महिनोन्महिन्यांच्या सरावाने येणारी गोष्ट आहे.

ढगच लागतो असेही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर यांचे विमान १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावर कोसळले, तेव्हा ते ढगात नव्हते. धुरके होते, अंधार होता आणि खाली पाणी होते, त्यामुळे क्षितिजाची रेषा हरवली होती. आपल्या अरबी समुद्रावरही भर दुपारी असे होते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे होतात आणि किनाऱ्यापासून थोडे आत गेले की समोर धरायला काहीच उरत नाही. म्हणून किनाऱ्याने जाताना जमिनीची कड सतत नजरेत ठेवावी लागते. मुंबईहून अलिबागच्या दिशेने जाताना किनारा डावीकडे असतो आणि वैमानिकही डावीकडेच बसतो, त्यामुळे ते सोपे जाते. परतताना मात्र डाव्या काचेत नुसता समुद्र असतो आणि किनारा शेजाऱ्याच्या पलीकडून पाहावा लागतो. मी परतीच्या वाटेवर किनाऱ्याच्या थोडे आतून, जमिनीवरून यायची परवानगी मागते, आणि ती मिळाली तर मन फार निवांत असते.

मुंबईचे हवामान एका आकड्यात मावत नाही, हे या शहरातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम सत्तर-पंचाहत्तर. दोन्ही ठिकाणांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे, म्हणजे छोट्या विमानाची आठ मिनिटे. एवढ्या टोकाचा दिवस विरळा, पण पावसाळ्याच्या दोन्ही कडांना, जूनच्या आरंभी आणि सप्टेंबरच्या अखेरीस, एका उपनगरात ऊन आणि दुसऱ्यात धो धो पाऊस हे नेहमीचेच असते. आता कुलाब्याच्या जोडीला २०२२ पासून अंधेरीजवळ वेरावलीलाही रडार आहे आणि त्याची चित्रे कुणालाही पाहता येतात, ही फार मोठी सोय झाली आहे. तरीही रडारला पावसाचे थेंब दिसतात. डोंगरावर टेकलेला, न बरसणारा ढग त्या चित्रात उमटेलच असे नाही. मुंबईहून पूर्वेला निघालेल्या वैमानिकाची वाट अडवतो तो बहुधा हाच ढग.

इथे मेटार वाचण्यातली एक मेख सांगायला हवी. मेटारमध्ये दिलेली ढगांची उंची त्या विमानतळापासून मोजलेली असते. सांताक्रूझ जवळपास समुद्रसपाटीलाच आहे, त्यामुळे तिथे २५०० फुटांवर तुटक ढग लिहिले असतील तर ते समुद्रसपाटीपासूनही तेवढेच असतात. इगतपुरी मात्र सुमारे २००० फुटांवर आहे. म्हणजे तोच ढग तिथवर तसाच सपाट पसरला, तर इगतपुरीच्या घरांवर तो पाचशे फुटांवर येतो आणि भोवतालचे डोंगर त्याच्या आत जातात. वास्तवात स्थिती याहून वाईट असते, कारण समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या कड्याला आपटून वर चढते, चढताना थंड होते आणि ढग आणखी खाली बांधला जातो. तापमान आणि दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान) यांतील प्रत्येक अंशाच्या फरकाला ढगांचा तळ साधारण ४०० फूट वर असतो, हा आमचा ढोबळ हिशेब. २९ अंश तापमान आणि २४ दवबिंदू, म्हणजे २००० फूट. असा आकडा मुंबईत दिसला की घाट बंद आहे असे मी समजते, मग सांताक्रूझची दृश्यमानता कितीही चांगली असो.

मी विमान उडवायला शिकले ते घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर. जुहूला आता हेलिकॉप्टरांची, त्यातही बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि शेजारी सांताक्रूझसारखा प्रचंड विमानतळ असल्याने छोट्या विमानांचे प्रशिक्षण मुंबईबाहेर गेले आहे. त्यामुळे तिकडून विमान घेऊन जुहूला यायचे असेल, तर नाशिकच्या बाजूने घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर, कल्याण अशी वाट धरावी लागते. खाली रेल्वे आणि महामार्ग असतात; वैतरणा, भातसा आणि तानसा हे जलाशय ओळखीच्या खुणा म्हणून भेटत जातात. मुंबईकर ज्यांचे पाणी पितो ते तलाव वरून पाहताना मला दर वेळी कृतज्ञता वाटते, हे जाता जाता नोंदवते.

या वाटेवर माझे सर्वांत भरवशाचे हवामान केंद्र म्हणजे घोटीला राहणारी माझी मावशी. निघण्यापूर्वी सगळे अहवाल वाचून झाले की मी तिला फोन करते आणि विचारते, "मावशी, कळसूबाई दिसते का गं?" कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच आहे आणि मावशीच्या गच्चीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. शिखरावरचे टोक स्पष्ट दिसत असेल, तर ढगांचा तळ ५४०० फुटांच्या वर आहे आणि दृश्यमानता पंधरा किलोमीटरपेक्षा अधिक आहे, हे दोन्ही एका उत्तरात कळते. कधी ती म्हणते, "टोक नाही दिसत बाई, अर्ध्याच्या वर सगळं ढगात आहे," आणि मग त्या दिवसाचा विचार तिथेच संपतो. तिने आजवर कधीही 'दिसतंय बहुतेक' असे म्हटलेले नाही. तिला नीट दिसत नसेल तर ती रस्त्यापर्यंत चालत जाऊन पाहून येते.

घाटाचा आणि पावसाळ्याचा हा पेच आपल्या विमानवाहतुकीइतकाच जुना आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरही वाट दाखवणारे काही साधन नव्हते; जे दिसेल त्याच्या आधाराने उडणे एवढाच मार्ग होता. सेवा सुरू झाली ती पाऊस सरल्यावर, आणि पुढे पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई तेव्हा विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सगळा संसार पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवला जाई. त्या माणसांच्या धाडसाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. मला त्यांच्या या दरवर्षीच्या माघारीविषयी अधिक आदर वाटतो, कारण ती पाऊस येण्याआधी ठरलेली असे.

ऑक्टोबरातल्याच एका सकाळी मी आणि माझे प्रशिक्षक असे दोघे विमान घेऊन जुहूकडे निघालो होतो. सांताक्रूझचा मेटार उत्तम होता: विरळ ढग, सहा किलोमीटर दृश्यमानता. मावशीला कळसूबाई टोकापर्यंत दिसत होती. हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक आणि एफआयसी, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक, हे दोन्ही बऱ्याच फोनाफोनीनंतर हातात आले होते, आणि ज्यांनी हे क्रमांक मिळवले आहेत त्यांना ठाऊक असेल की ते मिळाल्यावर निघणे हे जणू कर्तव्य वाटू लागते. ६५०० फुटांवरून इगतपुरी ओलांडेपर्यंत आकाश इतके निर्मळ होते की त्र्यंबककडच्या डोंगरांच्या घड्या मोजता याव्यात. घाटाच्या कडेशी आलो आणि पुढे कोकण नव्हतेच. कसाऱ्यापासून शहापूरच्या बरेच पुढेपर्यंत, खालच्या सगळ्या खोऱ्यांत, पांढराशुभ्र ढग काठोकाठ भरला होता. रात्रीच्या गारव्याने आणि पावसाने भिजलेल्या जमिनीच्या ओलाव्याने तो खालीच तयार झाला होता, त्यामुळे वर ऊन, निळे आकाश आणि तीस-चाळीस किलोमीटरची नजर, आणि खाली जमिनीचा तुकडाही नाही. मावशीने पाहिले होते ते खरे होते आणि सांताक्रूझनेही खरेच सांगितले होते; दोन्हींच्या मधल्या पट्ट्याची खबर देणारे कुणी नव्हते.

अशा वेळी मोह होतो तो वरून उडत जाण्याचा, कारण समोर सगळे दिसत असते आणि पलीकडे मुंबई मोकळी आहे हे माहीत असते. परंतु इंजिन थांबले तर ६५०० फुटांवरून आमचे विमान सोळा-सतरा किलोमीटर तरंगत जाऊ शकते, आणि ते तरंगणे त्या पांढऱ्या थराच्या आतच संपणार. ढगाच्या खाली टेकड्या आहेत, विजेच्या तारा आहेत, आणि ढगाचा तळ जमिनीपासून किती वर आहे किंवा जमिनीलाच टेकला आहे, हे कुणी सांगू शकत नाही. पलीकडे पोहोचेपर्यंत मुंबईचे धुरके दाटले, तर उतरायला भोक सापडणार नाही, आणि मागे वळावे तर इंधन तेवढे कमी झालेले. आमच्या नकाशावर कसारा स्थानकापाशी पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी लिहिले होते: भातसा जलाशय दिसला पाहिजे. तो दिसत नव्हता. सर म्हणाले, "वळव," आणि मी डावीकडे दरीच्या बाजूला मोकळी जागा पाहून वळले. रेडिओवर कळवले, आणि आलो तसे परत गेलो. त्या वळणात थरारक असे काहीच नव्हते, आणि ते तसेच असावे यासाठीच रेघ आधी मारलेली असते.

अकराच्या सुमारास ऊन पुरेसे तापले, खोऱ्यांतला थर फाटून त्याचे छोटे कापसाळ ढग झाले आणि ते वर चढू लागले. मावशीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी शहापूरहून आकाश मोकळे झाल्याचे कळवले. नव्याने क्रमांक घेऊन आम्ही पुन्हा निघालो आणि या वेळी भातसाचे पाणी कसाऱ्याच्या कितीतरी आधीपासून चमकताना दिसले. जुहूला उतरलो तेव्हा खारे वारे सुरू झाले होते आणि पश्चिमेची धावपट्टी मिळाली. त्याच दिवशी परतायचे ठरले होते, पण दुपारी तीननंतर घाटमाथ्यावर परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग उभे राहिले. हे ढग सकाळच्या थरासारखे निवांत नसतात. त्यांच्या पोटात मिनिटाला हजारो फूट वरखाली जाणारी हवा असते आणि त्यांच्यातून खाली आपटलेला थंड वारा कित्येक किलोमीटर पुढे धावत येऊन उतरत्या विमानाला उचलतो किंवा दाबतो. वीस नॉटिकल मैलांच्या आत त्यांच्या जवळ जायचे नाही, असा आमचा दंडक आहे, आणि त्या दिवशी कल्याणपासून इगतपुरीपर्यंत वीस मैल सोडायला जागाच नव्हती. विमान जुहूला बांधून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी उशिराने नेले. ऑक्टोबरातला घाट हा असाच असतो: सकाळचा थर फाटल्यापासून दुपारचे ढग चढेपर्यंत तीन-चार तासांची फट मिळते, आणि त्या फटीत बसेल एवढेच काम अंगावर घ्यायचे असते.

आता बहुतेकांच्या मांडीवर टॅब्लेट असतो आणि त्यावर आपले विमान नकाशावर सरकताना दिसते. हे साधन मीही वापरते आणि त्याची उपयुक्तता मला मान्य आहे, परंतु त्यामुळे दृश्य नियमांच्या मर्यादा सैल झाल्या आहेत असे समजणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. आपण कुठे आहोत हे तो पडदा सांगतो. समोरच्या करड्या पडद्यामागे काय आहे आणि ढग किती उतरला आहे, हे तो सांगत नाही. पूर्वी वाट चुकण्याच्या भीतीने वैमानिक लवकर मागे वळत असे, आणि ती भीती गेल्यामुळे आज तो दोन-चार किलोमीटर अधिक आत जातो, असे मला वारंवार जाणवले आहे.

डोळ्यांवर उडताना डोळेही फसतात, हे लक्षात ठेवणे आले. धुरक्यात धावपट्टी खरी असते त्यापेक्षा दूर भासते आणि काचेवर पावसाचे पाणी असले की आपण खऱ्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. दोन्हींचा परिणाम एकच, वैमानिक गरजेपेक्षा खाली येतो. ओळखीची चूकही घडते. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पुढे निघून गेले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. चार इंजिनांचे विमान चालवणाऱ्या अनुभवी माणसांना, दोन-तीन किलोमीटरवरच्या आणि जवळजवळ एकाच दिशेच्या दोन धावपट्ट्यांनी फसवले. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरून जुहूकडे येताना मी धावपट्टीकडे आधी पाहत नाही. आधी समुद्रकिनारा, मग धावपट्टी आणि किनारा यांमधले अंतर, मग होकायंत्र, या क्रमाने खात्री करून घेते.

दमट हवेचा आणखी एक त्रास बाहेर दिसत नाही. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनात, खाली उतरताना शक्ती कमी केली की, बाहेर पंचवीस-तीस अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो, कारण तिथे हवा पसरताना आणि पेट्रोलची वाफ होताना तापमान झपाट्याने उतरते. मुंबईच्या उकाड्यात बर्फ, हे ऐकून पाहुणे हसतात. आम्ही मात्र उतरायला लागण्यापूर्वी गरम हवेची दांडी ओढायला विसरत नाही.

माझ्याबरोबर कधी कुणी नातलग किंवा मित्र येणार असेल, तर मी त्यांना आदल्या दिवशीच सांगते की निघू की नाही हे सकाळी नऊनंतर कळेल, निघालो तरी कदाचित घाटाच्या कडेवरून परत येऊ, आणि पोहोचलो तरी परतायला दुसरा दिवस उजाडेल. ज्यांना त्या दिवशी मुंबईत लग्नाला, दवाखान्यात किंवा कचेरीत वेळेवर हजर राहायचे आहे, त्यांना मी विमानात घेत नाही. माझ्या चुलतभावाला यंदा याचा थोडा राग आला होता, कारण त्याला दुपारी दादरला पोहोचायचे होते आणि आकाश स्वच्छ दिसत होते. मी त्याला पंचवटी एक्स्प्रेसचे तिकीट काढून दिले.